कंठ, चेलो आणि पूर्वजांची बोली

लोकगीत कोणाचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ज्याने ते प्रथम रचले त्याचे म्हणावे, तर त्याचे नाव कोणालाच ठाऊक नसते. ज्या गावी ते गायिले जाते त्या गावचे म्हणावे, तर गाणी गावाच्या शिवेपाशी कधी थांबत नाहीत. लेक सासरी निघाली की तीही तिच्याबरोबर निघतात. कुटुंब देशोधडीला लागले की कोणी न बांधता त्याच्या गाठोड्यात जाऊन बसतात. पुढे दोन-चार पिढ्यांनी, दूरच्या एखाद्या शहरात, त्याच वंशातील एखादी लेक भलतेच वाद्य हाती घेऊन ते गीत गाऊ लागते, तेव्हा जाणकार मंडळी भुवया उंचावतात. ‘हे का ते गाणे? असे का ते गायचे असते?’ असे विचारतात.

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा आम्ही अनादर करीत नाही. परंपरेचे पहारेकरी असावे लागतात. तथापि गाणे जपणे आणि गाणे कुलूपबंद करणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आम्हांस एका कलावतीच्या कार्याकडे पाहताना विशेषत्वाने जाणवले. तिचे नाव लेला मकॅला. वंशाने ती हैती बेटाची, जन्माने अमेरिकेची, आणि तिचे वाद्य म्हणजे युरोपातील चेलो.

चेलो हे नाव आपल्यापैकी अनेकांस अपरिचित असेल; त्याचा स्वर मात्र तसा नाही. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिनच्या ताफ्याखाली जो एक गंभीर, भरदार, किंचित ओलसर स्वर वाहत असतो, तो बहुधा चेलोचा. त्या वाद्यवृंदांतील कितीतरी वादक गोमंतकातून मुंबईस गेलेले होते, हे संगीतप्रेमी वाचकांस माहीतच आहे. चेलो हा व्हायोलिनचाच थोरला भाऊ. परंतु खांद्यावर न मावणारा. वादक खुर्चीवर बसतो, वाद्याचे टोक जमिनीला टेकवतो आणि ते गुडघ्यांमध्ये धरतो. तारा चार, आणि प्रत्येक तार शेजारच्या तारेपासून षड्ज-पंचमाच्या अंतरावर लावलेली. त्यामुळे पुरुषाच्या खर्जापासून स्त्रीच्या कंठापर्यंतचा सारा पल्ला त्याच्या आवाक्यात येतो. आपल्याकडे सारंगीविषयी जे म्हणतात, की ती गळ्याची सावली आहे, तेच पाश्चात्य रसिक चेलोविषयी म्हणतात.

अशा वाद्याची आणि कंठाची जोडी जुळावी, यात नवल नाही. दोघांनीच रंगमंचावर बसावे, एकाने गावे, दुसऱ्याने चेलो वाजवावा आणि देशोदेशींची जुनी गाणी नव्याने मांडावीत, असे प्रयोग अलीकडे होऊ लागले आहेत. रोझमेरी स्टॅन्डली ही गायिका आणि ब्राझीलमध्ये जन्मलेली चेलोवादिका डॉम ला नेना या दोघींनी ‘बर्ड्‌स ऑन अ वायर’ या नावाने अशीच जोडी जमविली; त्यांचा पहिला ध्वनिसंग्रह २०१४ मध्ये निघाला. मकॅलेच्या बाबतीत हे द्वंद्व एकाच देहात वसलेले आहे. गाणारी तीच आणि वाजविणारीही तीच. पण आम्हांस तिच्याकडे ओढले ते या कौतुकाने नव्हे. तिच्या गाण्यामागे एका भाषेचा शोध आहे, म्हणून.

लेला मकॅलाचा जन्म १९८५ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. आईवडील हैतीहून आलेले, आणि दोघेही आपल्या देशबांधवांच्या मानवी हक्कांसाठी झटणारे. बालपण बव्हंशी शेजारच्या न्यू जर्सी राज्यात गेले. मधली दोन वर्षे आफ्रिकेत घाना देशी. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात तिने चेलोवादनाचे रीतसर शिक्षण घेतले. त्या विद्यालयांचा मार्ग ठरलेला असतो. बाख, बेथोव्हेन यांच्या रचना घोटाव्यात, परीक्षा द्याव्यात, आणि मग एखाद्या मोठ्या वाद्यवृंदात चाळीस-पन्नास तंतुवाद्यांच्या रांगेत आपली खुर्ची मिळवावी. तो मार्ग सन्मानाचा खरा, पण तिचे मन त्यात रमले नाही. २०१० मध्ये ती दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या शहरी राहावयास गेली आणि तेथील जुन्या ‘फ्रेंच क्वार्टर’ वस्तीत रस्त्याच्या कडेला बसून बाखच्या चेलोरचना वाजवू लागली. येणारेजाणारे घटकाभर थांबत, पुढ्यात नाणी टाकीत आणि पुढे जात. पदवी घेतलेल्या वादिकेने रस्त्यावर वाजवावे, हे आपल्या सुशिक्षित मनाला खटकेल. परंतु विद्यालयाने जे शिकविले नव्हते ते तिला त्या रस्त्याने शिकविले. न थांबणाऱ्या माणसाला थांबवायचे कसे, हा धडा.

न्यू ऑर्लिन्स आणि हैती यांचे नाते जुने आहे. हैती ही एके काळी फ्रान्सची वसाहत. तिचे नाव तेव्हा सॅं-दोमिंग. उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या घामारक्तावर ती वसाहत गबर झाली होती. १७९१ च्या ऑगस्टमध्ये तेथील गुलामांनी उठाव केला. तेरा वर्षे रणकंदन चालले. आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाली. गुलामांनी बंड करून स्वतःचे राष्ट्र उभारल्याचे असे दुसरे उदाहरण इतिहासात नाही. त्या धामधुमीत देश सोडलेले हजारो लोक प्रथम क्यूबात गेले, आणि तेथूनही हुसकावले गेल्यावर १८०९-१० या काळात नऊ हजारांहून अधिक माणसे न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर उतरली. त्यांत गोरे मळेवाले होते, स्वतंत्र कृष्णवर्णीय होते आणि गुलामही होते. तिन्ही सुमारे सारख्या प्रमाणात. शहराची वस्ती जवळजवळ दुप्पट झाली. त्या शहराच्या स्वयंपाकात, सणांत, घरांच्या बांधणीत आणि संगीतात हैतीचा अंश आहे, तो असा.

ह्याच शहरात तिचा चेलो एका जाणकाराच्या कानी पडला, आणि त्याच्या मध्यस्थीने ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ या मंडळीशी तिचा परिचय झाला. या मंडळीने एक मोठे काम आरंभिले होते. बॅंजो हे वाद्य अमेरिकेत पुष्कळ काळ गोऱ्या ग्रामीण वादकांचे मानले जाई. वस्तुतः ते आफ्रिकी गुलामांनी घडविलेले. हा विसरलेला वारसा या तरुण कृष्णवर्णीय कलावंतांनी उत्तर कॅरोलायनातील जो थॉम्पसन या वृद्ध व्हायोलिनवादकाच्या पायाशी बसून परत मिळविला. थॉम्पसन २०१२ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, निवर्तले. परंतु तोवर त्यांच्याजवळचे बरेचसे धन शिष्यांच्या हाती आले होते. मकॅला त्याच वर्षीच्या ‘लीव्हिंग ईडन’ या ध्वनिसंग्रहात या मंडळीबरोबर वाजवू लागली. चेलो धनुकलीनेच वाजवला पाहिजे असे नाही. बोटांनी तारा छेडूनही त्याच्यातून लय उभी राहते, याचे तिला येथे भरपूर शिक्षण मिळाले असावे. तिचे आजचे वादन ऐकताना चेलो मध्येच बॅंजोसारखा टणत्कारतो, मध्येच गिटारीसारखा झंकारतो, आणि मग धनुकली फिरली की पुन्हा आपल्या मूळच्या गंभीर आवाजात बोलू लागतो.

तिचा स्वतःचा पहिला ध्वनिसंग्रह अमेरिकेत २०१४ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘व्हेरी-कलर्ड सॉंग्ज’, म्हणजे नानारंगी गीते. अमेरिकेचे थोर कृष्णवर्णीय कवी लॅंगस्टन ह्यूज यांना तो अर्पण केलेला आहे. ह्यूज यांच्या कवितांना तिने स्वतः चाली लावल्या, आणि त्यांच्या शेजारी हैतीची गाणी गुंफली. ही गुंफण वरवरची नाही. ह्यूज १९३१ मध्ये हैतीत राहून आले होते. तेथील सामान्य, अनवाणी माणसांविषयी त्यांनी आस्थेने लिहिले. आणि झाक रूमॅं या हैतीच्या लेखकाची विख्यात कादंबरी त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर इंग्रजीत आणली, ती १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे जो पूल कवीने शब्दांनी बांधला होता, त्यावरून ही गायिका स्वरांनी चालत गेली.

या संग्रहातील ‘लातिबोनित’ हे हैतीचे पारंपरिक गीत घ्या. आर्तिबोनित हे तेथील नदीचे आणि तिच्या खोऱ्याचे नाव. गीताचा आशय असा, की सोलेय आजारी असल्याचा सांगावा कोणाला येतो. तो धावत जातो, तर सोलेय अंथरुणाला खिळलेला. आणि अखेर उरते ते त्याला माती देण्याचे दुःख. ‘सोलेय’ म्हणजे सूर्य. मग मेले कोण? त्या नावाचे माणूस, की खरोखरीच आकाशीचा सूर्य? गीत काही सांगत नाही, आणि न सांगण्यातच त्याची ताकद आहे. हे गीत ढोलाच्या गजरात समुदायाने गायिले तर एक परिणाम होतो. एकट्या स्त्रीने, एका चेलोच्या सोबतीने गायिले तर दुसरा. समुदायाच्या गाण्यात मृत्यू सगळ्यांचा असतो. येथे तो एका घरातला होतो. मूळ गीताला यामुळे बाध आला असे आम्हांस वाटत नाही. त्याच्या पोटात असलेली एक गोष्ट, जी गर्दीत ऐकू येत नव्हती, ती ऐकू आली इतकेच.

याच संग्रहात ‘मेसी बोंद्ये’ आहे. ईश्वराचे आभार मानणारे हे गीत. पाऊस पडला, मका वाढला, उपाशी लेकरे आता जेवतील, असा त्याचा भाव. कित्येकांना ते अनादि लोकगीत वाटते. वस्तुतः ते हैतीचे गिटारवादक फ्रान्झ कासेयुस यांनी रचले आणि हॅरी बेलाफॉंटे यांच्या कंठातून ते दूरवर गेले. कर्ता ठाऊक असूनही लोकांनी ते आपले म्हणून उचलले. रचनाकाराला यापरता सन्मान कोणता?

आता मघाच्या पहारेकऱ्यांचा आक्षेप विचारात घेऊ. चेलो हे युरोपातील राजवाड्यांचे आणि चर्चचे वाद्य. ज्यांच्या पाठीवर आसूड ओढले गेले त्यांची गाणी आसूड ओढणाऱ्यांच्या खंडातील वाद्यावर गायची, हा त्या गाण्यांचा अपमान नव्हे काय?

आक्षेप गंभीर आहे; म्हणून त्याचे उत्तरही हैतीच्या इतिहासातूनच शोधले पाहिजे. हैतीची जनभाषा क्रेओल. तिची बहुतेक शब्दसंपत्ती फ्रेंच, म्हणजे धन्याची. परंतु वाक्यांची घडण वेगळी, उच्चार वेगळे, आणि अनेक अभ्यासकांच्या मते तिच्यावर पश्चिम आफ्रिकेतील भाषांचा ठसा. भिन्न भिन्न जमातींतून ओढून आणलेल्या, परस्परांची बोली न समजणाऱ्या माणसांनी धन्याचे शब्द उचलले आणि त्यांतून धन्याला कळणार नाही अशी स्वतःची भाषा उभी केली. ज्या लोकांनी भाषेचे असे केले, त्यांच्या लेकीने वाद्याचे तसे करावे यात अपमान कसला? ती तर कुळाचीच रीत.

वाद्यांचा प्रवासही असाच वळणावळणाचा असतो. व्हिक्टर शल्शेर या गुलामगिरीविरोधी फ्रेंच गृहस्थाने १८४०-४१ च्या सुमारास हैतीतून भोपळ्याचे एक तंतुवाद्य पॅरिसला नेले. ‘बांझा’ हे त्याचे नाव. बॅंजोचे हे पूर्वज. संग्रहालयात ते कित्येक वर्षे निपचित पडून होते; २००३ मध्ये अभ्यासकांनी ते हुडकून काढले. म्हणजे हैतीचे वाद्य पॅरिसच्या कपाटात आणि पॅरिसचे वाद्य हैतीच्या लेकीच्या हातात! वाद्याचे कूळ पाहावे ते कोणी घडविले यावरून, की आज त्यातून कोण बोलते यावरून?

गाण्यांचीही अशीच कपाटे असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी ॲलन लोमॅक्स हा एकवीस वर्षांचा तरुण संग्राहक १९३६ च्या डिसेंबरात हैतीत गेला आणि काही महिन्यांत पन्नास तासांहून अधिक गायनवादन त्याने ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर उतरून घेतले. कष्टाची गाणी, देवाची गाणी, मुलांचे खेळ, मिरवणुकांचे ताफे, सारे काही. हा अमोल ठेवा दहा तबकड्यांच्या संचाच्या रूपाने लोकांपुढे आला तो २००९ मध्ये, सत्तर वर्षांनी! संग्राहकांचे उपकार थोर आहेत, यात शंका नाही. ते नसते तर कित्येक गीते नामशेष झाली असती. परंतु तबकडीवरचे गीत हे बीज आहे. कोठीत ठेवलेल्या बीजाला शेत म्हणत नाहीत. कोणीतरी ते मातीत टाकावे लागते, आणि माती दर वेळी तीच कशी असेल?

२०१६ मध्ये तिचा दुसरा संग्रह निघाला. त्याला तिने एका हैतीयन म्हणीचे नाव दिले: एक दिवस शिकाऱ्याचा, एक दिवस सावजाचा. वाचकहो, ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ म्हणणाऱ्या आपल्या आयाबायांना ही म्हण समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. मात्र हैतीच्या म्हणीत रक्ताचा वास अधिक आहे. आणि तेथील इतिहास पाहता तो असणारच.

तिचे सर्वांत गंभीर काम आम्ही समजतो ते २०२२ मधील ‘ब्रेकिंग द थर्मामीटर’ हे. त्याचा विषय हैतीचे एक नभोवाणी केंद्र आहे. ‘रेडिओ हैती’ हे ते स्वतंत्र केंद्र. झां दोमिनिक हे त्याचे प्रमुख. शिक्षित मंडळी फ्रेंचमध्ये बोलत, कारभार फ्रेंचमध्ये चाले. शेतकऱ्याला त्यातले अक्षर कळत नसे. या केंद्राने बातम्या आणि चर्चा क्रेओलमध्ये सांगावयास आरंभ केला. ज्याला आजवर नुसते हुकूम ऐकावे लागत त्याला प्रथमच बातमी ऐकू आली. १९८० मध्ये हुकूमशाहीने केंद्र बंद पाडले, माणसे हद्दपार केली. हुकूमशहा १९८६ मध्ये पळाला आणि केंद्र पुन्हा बोलू लागले. पुढल्याच वर्षीच्या राज्यघटनेने क्रेओलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा मान दिला. ३ एप्रिल २००० रोजी, केंद्राच्याच आवारात, दोमिनिक यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्या केंद्राच्या ध्वनिफितींचा संग्रह अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जतन केलेला आहे. मकॅलाने तो ऐकला, त्यावर प्रथम रंगमंचीय प्रयोग केला आणि मग हा संग्रह. त्यात दोमिनिक यांचा जुना आवाज आहे आणि त्याच्या भोवती तिचा कंठ, चेलो, बॅंजो व ढोल आहेत. ताप लपवायला तापमापक फोडायचा, असा त्याच्या नावाचा अर्थ. सत्य सांगणाऱ्याचे तोंड बंद केल्याने दुखणे बरे होत नाही, हे याहून थोडक्यात कोणी सांगावे?

या ठिकाणी आमच्या मते सगळ्या विषयाचे मर्म आहे. चेलो घेतला म्हणून लोकगीत बाटत नाही, आणि ढोल घेतला म्हणून ते पवित्रही होत नाही. कसोटी निराळी आहे. गाणाऱ्याने त्या गीताच्या शब्दाचे ऋण फेडले आहे की नाही, ही ती कसोटी. शब्द नीट शिकला का, त्यामागची माणसे कोण होती हे जाणून घेतले का, त्यांच्या सुखदुःखाशी आपला काही संबंध आहे असे मानले का? आईवडील ज्या भाषेत वाढले त्या भाषेच्या देशी ही कलावती वाढली नाही. ती भाषा तिला आयती मिळाली नाही, मिळवावी लागली; आणि ती मिळविण्याची वाट तिच्यापुरती गाण्यांतून गेली. चेलो आणि कंठ एवढीच सामग्री असल्याचा लाभ येथे दिसतो. वाद्ये थोडी असली की शब्दाला लपायला जागा राहत नाही. प्रत्येक अक्षर स्वच्छ, ठळक, जबाबदारीने उच्चारावे लागते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना हे दुरून ऐकण्याचे कारण नाही. शाळेत आम्ही रोज अशी मुले पाहतो, ज्यांच्या घरचे आडनाव मराठी, देवघर मराठी, पण ओठांवरची भाषा बाजाराची. त्यांना मराठीचे व्याकरण शिकविताना आमचा घसा कोरडा पडतो. परंतु भोंडल्याचे एखादे गाणे सुरू झाले की त्याच मुली, अर्थ न कळताही, एकेक अक्षर बिनचूक म्हणतात. भाषा निघून जाताना दाराशी सर्वांत शेवटी घुटमळते ती गाण्याच्या रूपाने. आणि परत यायची झाली तर त्याच दाराने प्रथम येईल.

म्हणून उद्या आपल्या घरातील एखादी नात आजीच्या तोंडची पाळण्याची ओवी गिटारीवर किंवा चेलोवर म्हणू लागली, तर तिला अडवू नये, असे आम्हांस वाटते. तिला जवळ बसवावे आणि ओवीतल्या ज्या शब्दावर ती अडखळते त्या शब्दाचा अर्थ सांगावा. वाद्य तिने निवडावे. शब्द आपण पुरवावा. तेवढे केले तर गाणे पुढल्या पिढीच्या स्वाधीन झाले, असे निश्चिंत मनाने म्हणता येईल.